आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही

"अगं, हा माणूस तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोय?"

गेल्या मे महिन्यात बाबा इचलकरंजीहून आमच्याकडे नोव्हायला आले. पहिल्याच शनिवारी रात्री आम्ही सगळे तळघरात सिनेमा बघायला बसलो. ब्ल्यू-रे लावली. मोठा पडदा, पाच स्पीकर, एक सबवूफर, सगळा थाट. दहाव्या मिनिटाला बाबांनी वरचा प्रश्न विचारला. मी आवाज वाढवला. पुढच्याच प्रसंगात स्फोट झाला आणि त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मी आवाज कमी केला. पुन्हा संवाद ऐकू येईनात. अर्ध्या तासाने "तुम्ही बघा, मला झोप येतेय" असं म्हणून ते वर निघून गेले. झोप आली नव्हती. वरून त्यांच्या मोबाइलवरच्या बातम्या ऐकू येत होत्या.

बाबांनी तीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर म्हणून काम केलं. ज्यांनी चालू शेडमध्ये पाच मिनिटं काढली आहेत त्यांना तिथला खडखडाट सांगायला नको. तिथे माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात. तेव्हा त्या रात्री मी मनाशी म्हटलं, बाबांच्या कानांचा दोष. हे उत्तर सोयीचं होतं आणि निम्मं चुकीचं होतं.

आठवड्याने मी कपाटामागे टॉर्च घेऊन शिरले तेव्हा उलगडा झाला. आमचा प्लेअर टीव्हीला जोडलेला होता आणि टीव्हीतून एक ऑप्टिकल तार रिसीव्हरला गेली होती. टीव्ही सहा मार्गांचा आवाज दोन मार्गांत कालवून पुढे पाठवत होता. रिसीव्हर 'ऑल चॅनल स्टिरिओ' या मोडवर होता, म्हणजे तेच दोन मार्ग पाचही स्पीकरमधून वाजत होते. पाचही स्पीकर बोलतायत म्हणजे सराउंड चालू आहे, असं आम्ही समजत होतो. कंपनांवर पीएच.डी. केलेल्या बाईच्या घरात हे दोन वर्षं चाललं होतं!

म्हणून आज तुमच्यापुढे एक मत मांडते. घरच्या डिस्क प्लेअरमधून उत्तम सराउंड आवाज हवा असेल तर नवं काही विकत घेण्याआधी एक संध्याकाळ तारा आणि सेटिंग यांच्यावर घालवा. आणि 'हाय डेफिनिशन' या शब्दामागे धावण्याआधी कुठला आवाज कुठून येतोय ते नीट करा. पहिल्या गोष्टीला पैसे लागत नाहीत. दुसरीचा फरक माझ्या बाबांनाही एका मिनिटात कळला.

आडात पाणी किती?

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण आपण नेहमी वापरतो. ब्ल्यू-रेच्या बाबतीत गाडं उलट आहे. आड तुडुंब भरलेला असतो, पोहरा मात्र गळका असतो.

हिशेब सोपा आहे. सिनेमाचा आवाज साधारणपणे सेकंदाला ४८,००० वेळा मोजलेला असतो. प्रत्येक मोजणीला २४ बिट आणि मार्ग सहा: समोर तीन, मागे दोन, आणि एक खर्जाच्या दणक्यांसाठी. हाच तो ५.१. गुणाकार केला तर सेकंदाला ६९ लाख १२ हजार बिट होतात. डीव्हीडीवर एवढी जागा नव्हती. तिथे डॉल्बी डिजिटल हा आवाज जास्तीत जास्त ४४८ हजार बिटांत बसवतं. ब्ल्यू-रेवर त्याच पद्धतीला ६४० हजारांपर्यंत मुभा आहे, म्हणजे मूळच्या सुमारे अकराव्या हिश्शाइतकी.

हे कसं जमतं? लग्नात मंगलाष्टकं चालू असताना बँड सुरू झाला तर मागच्या रांगेतली कुजबुज तुम्हाला ऐकूच येत नाही. मोठा आवाज त्याच्या आसपासच्या लहान आवाजांना झाकून टाकतो. मग जे ऐकू येणारच नाही ते साठवायचं कशाला? डॉल्बी डिजिटल, एमपी-३ आणि त्यांची सगळी भावंडं याच तत्त्वावर चालतात. टाकलेलं परत मिळत नाही, पण बहुतेक वेळा त्याची आठवणही येत नाही.

ब्ल्यू-रेवर याखेरीज डॉल्बी ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असा दुसरा प्रकार असतो. यात काहीच टाकलेलं नसतं. पूर्वी दूधवाल्याच्या कार्डावर आपण रोजचं दोन लिटर लिहीत नसू, फक्त खाडे लिहीत असू. महिन्याअखेर हिशेब पैशापैशाने बरोबर यायचा. या पद्धतीही तेच करतात. पुढची मोजणी काय असेल याचा आधीच्या मोजण्यांवरून अंदाज बांधायचा आणि अंदाज किती चुकला तेवढंच लिहायचं. उघडल्यावर स्टुडिओतला मूळ आकडा जसाच्या तसा मिळतो. ट्रू-एचडीच्या मुळाशी असलेली एमएलपी ही पद्धत मेरिडियन या ब्रिटिश कंपनीची. ब्ल्यू-रेवर ट्रू-एचडीला सेकंदाला १८० लाख बिटांपर्यंत आणि डीटीएस-एचडीला २४५ लाखांपर्यंत जागा दिलेली आहे. हेच ते हाय डेफिनिशन सराउंड.

गळती कुठे होते?

ऑप्टिकल तार तोशिबाने १९८३ मध्ये सीडी प्लेअरसाठी आणली. तिच्यातून न दाबलेला आवाज जाऊ शकतो, पण फक्त दोन मार्गांचा. सहा मार्ग हवे असतील तर ते डॉल्बी डिजिटल किंवा साध्या डीटीएससारखे दाबूनच पाठवावे लागतात. टीव्हीच्या एचडीएमआय खोबणीवर एआरसी असं लिहिलेलं असेल तर तिचीही मर्यादा जवळजवळ हीच. ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी या वाटेने जातच नाही.

ब्ल्यू-रे बनवणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून ट्रू-एचडीच्या सोबतीला डिस्कवर एक साधा डॉल्बी डिजिटल ट्रॅक ठेवलेला असतो आणि डीटीएस-एचडीच्या पोटात एक साधा डीटीएस गाभा असतो. वाट अरुंद दिसली की प्लेअर गुपचूप लहान गाठोडं पाठवतो. आवाज येत राहतो, चूक दाखवणारा संदेश येत नाही, आणि काही राहून गेलंय हे कुणाला कळत नाही. तेव्हा आज संध्याकाळी एवढं करा:

१. प्लेअरची एचडीएमआय तार थेट रिसीव्हरला जोडा आणि रिसीव्हरमधून टीव्हीला न्या. प्लेअर टीव्हीलाच जोडायचा असेल तर टीव्ही आणि रिसीव्हर, किंवा साउंडबार, दोघांवरही ई-एआरसी लिहिलेलं हवं. ही सोय २०१७ च्या एचडीएमआय २.१ पासूनची. तुमचा रिसीव्हर जुना असेल आणि ४-के चित्र पुढे जात नसेल, तर प्लेअरला एचडीएमआयची दुसरी, फक्त आवाजाची खोबण आहे का ते बघा.

२. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'बिटस्ट्रीम' निवडा. 'पीसीएम' निवडलं तर गाठोडं प्लेअर उघडतो, 'बिटस्ट्रीम' निवडलं तर रिसीव्हर. सहाही मार्ग पुढे जात असतील तर दोन्हींत आकडे तेच राहतात. फक्त ॲटमॉस किंवा डीटीएस-एक्सची छतावरच्या आवाजांची माहिती पीसीएममध्ये हरवते.

३. 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' अशी एक कळ असते, ती बंद करा. ती चालू असली की मेनूचे टिक-टिक आवाज आणि दिग्दर्शकाची टिप्पणी मुख्य आवाजात मिसळण्यासाठी प्लेअर सगळा आवाज उघडतो आणि पुन्हा साध्या पद्धतीने दाबतो. म्हणजे एका टिक-टिकसाठी तुमचा लॉसलेस आवाज जातो.

४. डिस्कच्या मेनूत भाषेसोबत ट्रॅकही निवडा. काही डिस्कवर एकाच भाषेचे दोन ट्रॅक असतात.

५. रिसीव्हरच्या पट्टीवर काय लिहून येतंय ते वाचा. ट्रू-एचडी, डीटीएस-एचडी किंवा मल्टिचॅनल पीसीएम दिसलं तर पाणी पोहऱ्यात आलं. नुसतं डॉल्बी डिजिटल, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्टिरिओ दिसलं, तर पुन्हा पहिल्या कलमापासून बघा.

यात महागडी तार कुठेच नाही. मला एका दुकानात सोनेरी टोकांची तार आग्रहाने दाखवली गेली होती. पण या तारेतून आकडे जातात. ते पोहोचले नाहीत तर आवाज तुटतो आणि चित्रावर ठिणग्या दिसतात. पोहोचले तर स्वस्त तारेतूनही तेच आकडे पोहोचतात. सोन्यामुळे गंधार जास्त गोड लागत नाही.

आणि आता कडू घोट

एवढं सगळं केल्यावर साहजिकच प्रश्न पडतो की फरक ऐकू येतो का? माझे ऑडिओवेडे मित्र सांगतात, "पडदा दूर झाल्यासारखं वाटतं." मी प्रयोग करून पाहायचं ठरवलं. डीटीएस-एचडीची एक डिस्क घेतली. तीच एचडीएमआयने आणि ऑप्टिकलने, अशा दोन वाटांनी रिसीव्हरला जोडली. एका वाटेने लॉसलेस आवाज, दुसरीने त्याचाच दाबलेला गाभा. दोन्हींची पातळी मोजून सारखी केली, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमीच 'चांगला' वाटतो. रिसीव्हरच्या पट्टीवर टॉवेल टाकला. प्रत्येक फेरीला नवऱ्याने नाणं उडवून वाट ठरवायची आणि मी ओळखायची.

१६ फेऱ्यांत माझी ९ उत्तरं बरोबर आली. नुसते अंदाज ठोकले तरी १०० पैकी ४० वेळा ९ किंवा त्याहून जास्त बरोबर येतात. १२ आली असती तर मी काही दावा केला असता, कारण तेवढी योगायोगाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. थोडक्यात, मी नापास झाले.

एका माणसाच्या, एका खोलीतल्या, एका डिस्कवरच्या प्रयोगावरून जगाचा निकाल लावता येत नाही. चिपळ्या किंवा टाळ यांच्यासारखे एकदम उमटणारे आवाज दाबताना या पद्धतींची दमछाक होते. सरावलेले कान तिथे चूक पकडतात. शेजारच्या प्रश्नावर, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाचा आवाज ओळखता येतो का यावर, बॉस्टनमधल्या मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये शेकडो चाचण्यांचा निकाल छापला. तो नाणेफेकीइतकाच निघाला. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अनेक अभ्यासांची गोळाबेरीज केली तेव्हा फरक सापडला, पण सरासरी ५२ टक्क्यांच्या आसपास. नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनीही २०१९ मध्ये ५.१ साठी ६४० हजार बिटांचा दर पुरेसा मानला.

मग लॉसलेस लावायचंच कशाला? कारण ते फुकट आहे. डिस्कचे पैसे तुम्ही दिलेले आहेत, सेटिंग बदलायला पाच मिनिटं लागतात आणि तोटा काही नाही. पण त्यासाठी चालता रिसीव्हर काढून नवा घेऊ नका. माझा विरोध या आवाजाला नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या खरेदीला आहे.

बाबांना काय ऐकू आलं?

खरा फरक दुसरीकडेच होता. सतत गोंगाटात काम केलेल्या कानाला आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि वयाबरोबर वरची पट्टी आणखी खाली जाते. स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते, म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं. पण स, श, ट, थ यांची ओळख पटवणारी ऊर्जा वरच्या पट्टीत असते. आपल्या मराठीत तर 'चमच्या'तला च आणि 'चहा'तला च यांतला फरकही बराचसा याच पट्टीत आहे. म्हणून अशी माणसं म्हणतात, "ऐकू येतं, पण कळत नाही." लहानपणी मला तो हट्ट वाटायचा. ते अगदी अचूक निदान आहे.

अशा वेळी मेंदू दिशेचा आधार घेतो. लग्नाच्या पंगतीत शंभर जण बोलत असतात, तरी शेजारच्या मावशींचं बोलणं तुम्हाला कळतं, कारण ते एका ठरावीक दिशेने येतं. १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी या गोष्टीचा अभ्यास करून तिला 'कॉकटेल पार्टी'चा प्रश्न म्हटलं. पंगत म्हटलं असतं तरी चाललं असतं. ५.१ मध्ये संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरला दिलेले असतात, संगीत आणि पाऊस बाजूला आणि मागे. आमच्या टीव्हीने हे सगळं दोन मार्गांत कालवलं होतं. संवाद पाचही दिशांनी येत होते आणि त्यांच्यासोबत पाऊसही. म्हणजे बाबांचा उरलासुरला आधारही आम्ही काढून घेतला होता.

तार बदलली. मग रिसीव्हरवर मधल्या स्पीकरची पातळी ३ डेसिबलने वाढवली. संवाद मोठे झाले, स्फोट होते तेवढेच राहिले. मार्ग वेगळे असले तरच हे शक्य आहे. रात्री उशिरा मी 'नाइट मोड'ही लावते. त्याने मोठे आणि लहान आवाज जवळ येतात. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण घरात वयस्कर माणूस असेल तर खुशाल लावा.

खोलीही वाजते

मिशिगनमध्ये थंडीत जमीन गोठते, म्हणून पाया साडेतीन फूट तरी खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर तळघर करू, असा इथला हिशेब. नोव्हायच्या मराठी घरांत त्या तळघराचं होम थिएटर होतं. आमचं २४ फूट लांब, १६ फूट रुंद आणि ८ फूट उंच आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाच्या उभ्या लहरी तयार होतात. लांबीमुळे सुमारे २३, ४७, ७० हर्ट्झला, रुंदीमुळे ३५ आणि ७० ला, उंचीमुळे ७० ला. तिघांची गाठ ७० वर पडते. त्यामुळे त्या सुराला आमची खोली ढोलासारखी घुमते, आणि तो घुमारा पुरुषांच्या आवाजाच्या खालच्या भागावर चढून बसतो. असल्या खोलीत लॉसलेस आणि दाबलेला आवाज सारखेच घुमतात.

यावर फुकटचा उपाय आहे. सबवूफर तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, खर्जाचं संगीत लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे खर्ज सगळ्यांत सपाट ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. मी हे करत असताना बाबा जिन्यावर उभे राहून बघत होते. "याच्यासाठी पीएच.डी. केलीस?" त्यानंतर पुढचे दोन स्पीकर मध्यापासून ३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांवर, असं बसवलं. हे कोन आंतरराष्ट्रीय शिफारशीतले आहेत. स्पीकर पुस्तकांच्या मागे किंवा सोफ्याच्या खाली लपवू नका.

याच नोव्हायमध्ये हर्मन कंपनीचं मोटारींच्या ध्वनियंत्रणांचं मोठं कार्यालय आहे. त्याच हर्मनमधल्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की स्पीकर डोळ्यांसमोर असले की ऐकणाऱ्यांची पसंती बदलते. पडद्याआड ठेवले की वेगळेच गुण मिळतात. म्हणजे आपण कानांनी ऐकतो तेवढंच किमतीनेही ऐकतो.

आडात नसेल तर

बाबांनी सोबत मराठी नाटकांच्या व्हीसीडी आणल्या होत्या. त्यांत दोनच मार्ग असतात, सेकंदाला २२४ हजार बिटांचे. तिथे मूळ म्हणच खरी. कुठल्याही सेटिंगने त्यांतून हाय डेफिनिशन निघणार नाही. पण रिसीव्हरवर 'डॉल्बी सराउंड' किंवा जुन्यावर 'प्रो लॉजिक' लावा. दोन्ही मार्गांत जे समान आहे, म्हणजे बहुधा संवाद, ते मधल्या स्पीकरकडे जातं. भारतातून डिस्क आणताना प्रदेशाचा आकडाही बघा. डीव्हीडीसाठी भारत ५ आणि अमेरिका १, ब्ल्यू-रेसाठी भारत सी आणि अमेरिका ए. 'ऑल' लिहिलं असेल तर चिंता नाही. आणि चालता प्लेअर जपून ठेवा. नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये टपालाने डिस्क पाठवणं बंद केलं, आणि मोठ्या दुकानांतली डिस्कची कपाटंही रिकामी होत चालली आहेत.

बाबा नोव्हेंबरमध्ये परत गेले. त्याआधी आम्ही 'शोले'ची डीव्हीडी लावली. १९७५ साली पंचविशीत असताना त्यांनी तो मुंबईला मिनर्व्हात ७० मिलिमीटरच्या पडद्यावर, सहा ट्रॅकच्या आवाजात पाहिला होता. नाणं पडल्याचा आवाज झाला की लोक खुर्चीखाली बघायचे, असं ते आजही सांगतात. साधी डीव्हीडी, ४४८ हजारांच्या आतली, पण बाबा खूश होते. अर्थात 'शोले'चे संवाद त्यांना पाठ आहेत, त्यामुळे ती चाचणी मी धरत नाही. मी धरते ती दुसऱ्या दिवशीची. आम्ही पहिल्या शनिवारचाच सिनेमा पुन्हा लावला आणि ते शेवटपर्यंत बसले. मधे दोनदा "काय म्हणाला?" असं विचारलं. त्याचं कारण त्यांचे कान, आणि त्यासाठी इचलकरंजीत आता कानांची तपासणी ठरवली आहे. तार बदलून कान बरे होत नाहीत.

तुमच्याकडे या उन्हाळ्यात आई-बाबा, सासू-सासरे येणार असतील आणि सिनेमा बघताना ते मधेच उठून जात असतील, तर "त्यांना कमी ऐकू येतं" असं ठरवण्याआधी एकदा कपाटामागे टॉर्च मारून बघा.